कुरळे केस वाढतात, पण शेंड्याला तुटतात: सांगलीच्या पाण्यात बारीक कुरळे केस कसे सांभाळायचे

माझे केस बारीक स्प्रिंगसारखे आहेत, ओले असले की पाठीच्या मध्यापर्यंत येतात आणि वाळले की खांद्यावर चढून बसतात. लहानपणी रविवार म्हटलं की मला पोटात गोळा यायचा कारण आई न्हाऊ घालायची, केस वाळवायची आणि मग कोरड्या केसांत बारीक दातांची फणी घालून टाळूपासून खाली ओढायची, मी रडायचे, ती पण वैतागायची, आणि फणीत केसांचा पुंजका निघाला की आज्जी म्हणायची पोरीचे केस काय वाढायचं नाव घेईनात. शाळेत दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबीन कंपल्सरी, त्यामुळं कानाच्या वरचे केस सतत ताणलेले. तीस वर्षांची होईपर्यंत मला वाटत होतं की माझे केस वाढतच नाहीत.

आता माझी धाकटी बहीण साताऱ्यात असते, तिच्या मुलीचे केस सेम माझ्यासारखे आलेत, आणि परवा फोनवर ती म्हणाली ताई, हिचे केस बारीकच करून टाकते, शाळेला जायच्या वेळी रोज रडारड. मी म्हटलं थांब, कापू नको, सगळं लिहून पाठवते. तेच इथं जरा वाढवून टाकतेय, कारण आपल्याकडं असे केस असलेल्या पोरी भरपूर आहेत आणि त्यांना सांगणारं कोणी नसतं.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. केस सगळ्यांचे वाढतात. महिन्याला साधारण १ सेंटिमीटर, कोणाचे थोडे जास्त, म्हणजे वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर मुळापासून बाहेर येतातच, आणि एक केस साधारण २ ते ६ वर्षं वाढत राहतो मग गळतो आणि त्या जागी नवा येतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणं हे नॉर्मल आहे. मग आपले लांब का होत नाहीत? कारण जेवढं मुळाशी येतं तेवढंच शेंड्याला तुटून जातं. म्हणून हे सगळं मार्गदर्शन केस "वाढवायचं" कमी आणि शेंडे वाचवायचं जास्त आहे.

तुटतात का ते पण समजून घ्या. सरळ केस ज्या छिद्रातून येतो ते गोल असतं, कुरळ्या केसाचं छिद्र वाकडं असतं आणि केस आडवा कापून बघितला तर चपटा, लंबगोल दिसतो. टाळूवर जे नैसर्गिक तेल सुटतं ते सरळ केसावरून आरामात घसरत खाली येतं, आपल्या केसाला दर सेंटिमीटरला वळण, तेल वरच राहतं. म्हणून टाळू तेलकट आणि शेंडे झाडूसारखे कोरडे हे आपलं कायमचं दुखणं. शिवाय प्रत्येक वळणावर केस कमजोर असतो, वरची खवल्यांसारखी साल तिथं उघडी पडते, ओढलं की तिथंच तुटतं.

आधी आपले केस ओळखा

नेटवर ३ए, ३बी, ४सी असे नंबर दिसतात. ही पद्धत आंद्रे वॉकर नावाच्या अमेरिकन हेअरस्टायलिस्टनं काढली, १ म्हणजे सरळ, २ म्हणजे लाटा, ३ म्हणजे गोल कुरळे, ४ म्हणजे एकदम घट्ट बारीक. पेन्सिलीवर गुंडाळल्यासारखी बट असेल तर ३सी धरा, क्रोशाच्या सुईएवढी बारीक असेल तर ४ए, आणि गोल न दिसता नुसती झेडसारखी नागमोडी असेल तर ४बी. एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकार असतात, माझं मानेजवळ वेगळं आणि कपाळावर वेगळं, त्यामुळं नंबरात फार अडकू नका.

एक सांगावंसं वाटतं, घट्ट कुरळ्या केसांबद्दल आज जे काही चांगलं ज्ञान फिरतंय त्यातलं बरंचसं आफ्रिकन वंशाच्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या स्वतःच्या डोक्यावर शिकून ठेवलेलं आहे. त्यांना ऑफिसात, शाळेत नैसर्गिक केसांवरून इतका त्रास झाला की २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं केसांच्या पोतावरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला. आपल्या शेजारी कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ भागात सिद्दी समाज आहे, त्यांचेही केस असेच घट्ट कुरळे. म्हणजे हे केस काही बिघडलेले नाहीत, ते असेच असतात.

नंबरापेक्षा दोन गोष्टी बघा. केस पाण्याखाली धरले की लगेच भिजतात का पाणी वरून ओघळतं? आणि वाळायला किती वेळ लागतो? लगेच भिजले आणि तासाभरात वाळले तर साल उघडी आहे, अशा केसांना जाड क्रीम आणि वरून तेलाचा हात लागतो. भिजायलाच वेळ लागला आणि दुपारपर्यंत ओले राहिले तर साल घट्ट मिटलेली आहे, त्यांना हलकं प्रॉडक्ट आणि कोमट पाणी. ग्लासात केस टाकून तरंगतो का बुडतो बघायची टेस्ट सगळीकडं सांगतात, ती सोडून द्या, केसाला जरा तेल असलं तरी तो तरंगतो.

पाणी: आपल्या भागात इथंच निम्मं गणित बिघडतं

हे मी मुद्दाम आधी सांगतेय. मी कुपवाडकडं राहते, नळाचं कृष्णेचं पाणी असलं की केस बरे आणि बोरचं पाणी घेतलं की दोन धुण्यात केस दोरखंडासारखे. वर्षभर मी शाम्पू बदलत बसले आणि दोष पाण्याचा होता. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी आपल्याला माहितीच आहेत, उसाला पाणी देऊन देऊन वाळवा, मिरज भागात रानं पांढरी पडलीत, जत-आटपाडीकडं तर बऱ्याच घरांत बोरवरच भागतं. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते शाम्पूत नीट फेस येऊ देत नाहीत आणि केसावर थर धरतात, मग कंडिशनर लावलं तरी आत काही पोचत नाही.

ओळखायचं कसं? साबणाला फेस येत नाही, बादलीच्या आतून पांढरा थर, गिझरच्या कॉइलवर चुन्यासारखी पापडी. असं असेल तर डोकं धुवा त्याच पाण्यानं पण शेवटचा हात मात्र चांगल्या पाण्याचा फिरवा, दोन-तीन लिटर नळाचं किंवा आरओचं साठवून ठेवलेलं पाणी पुरतं, आणि पावसाळ्यात गच्चीवर पातेली मांडून पावसाचं पाणी धरा, त्याच्यासारखं केसाला काही नाही. महिन्यातून एकदा असा शाम्पू वापरा ज्याच्या मागं घटकांत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए वरच्या बाजूला लिहिलंय, ते क्षार धरून बाहेर काढतं. नाहीतर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर, शाम्पूनंतर केसांवरून ओतायचं, मिनिटभरानं धुवायचं. तुरटीचा काही उपयोग नाही, तुरटीनं पाण्यातला गाळ खाली बसतो, क्षार जात नाहीत. लिंबू सरळ टाळूवर चोळू नका, चांगलीच आग होते.

न्हाणं

आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. धुळीत काम असेल, मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांत दिवस जात असेल किंवा रोज सांगली-मिरज गाडीवर हेल्मेट घालून येणंजाणं असेल तर दोनदा. पंधरा-पंधरा दिवस न धुणं हे कुरळ्यांसाठी चांगलं असतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, टाळू घाण राहिली की खाज, कोंडा सगळं येतं.

शाम्पू फक्त टाळूला. वाटीत थोडं पाणी घेऊन त्यात शाम्पू पातळ करायचा, केसांचे चार भाग करून मधल्या भांगांत ओतायचा आणि बोटांच्या पेरांनी चोळायचं, नखांनी नाही. लांबीला वेगळा शाम्पू लागत नाही, धुताना फेस खाली उतरतो तेवढा बास. सगळे केस डोक्यावर गोळा करून कपड्यासारखे घासणं आजपासून बंद, तिथंच निम्मा गुंता तयार होतो. सल्फेट असलेला शाम्पू म्हणजे विष असं नाहीये, रात्रभर तेल चोपडलं असेल तर थोडा कडक शाम्पू लागतोच, पण दर वेळी तोच वापरला तर शेंडे कोरडे पडणार. अंगाचा साबण मात्र डोक्याला कधीच नको, तो अल्कधर्मी असतो, पीएच ९-१० च्या घरात, आणि केसाला थोडं आम्ल म्हणजे ५ च्या आसपासचं मानवतं.

आज्जीची शिकेकाई चालते का, हे हमखास विचारतात. चालते, पण पावडर नको. शिकेकाई, आवळकाठी आणि अगदी दोन-तीन रिठे रात्री लोखंडाच्या नको, स्टीलच्या पातेल्यात भिजवायचे, सकाळी उकळून पंच्यातून दोनदा गाळायचं आणि ते पाणी वापरायचं. पावडर थेट लावली तर तिचे कण बटांत अडकतात आणि आठ दिवस निघत नाहीत. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर फार झोंबतं, लहान मुलांना जपून. आणि शिकेकाईनंतर पण कंडिशनर लागतोच, बटा नाहीतर करकरीत राहतात.

तेल धुवायच्या आधी. खोबरेल इथं खरंच चांगलं आहे, नुसती आपली सवय म्हणून म्हणत नाही, २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल लावून तुलना केली होती आणि खोबरेलानंच केसातलं प्रोटीन धुपून जाणं कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक ॲसिड बारीक असल्यामुळं केसाच्या आत शिरतं. न्हायच्या आधी तासभर लांबीला आणि शेंड्यांना लावा. टाळूवर चंपी करायची तर करा, छान वाटतं, पण कोंडा असेल तर टाळूवर तेल नको, कोंड्याला कारण असलेली बुरशी तेलावरच जगते आणि रात्रभर तेल ठेवून आपण तिला जेवू घालतो. कोंड्यासाठी केटोकोनाझोलचा शाम्पू मेडिकलमधे मिळतो, लावून तीन-चार मिनिटं ठेवायचा असतो, लगेच धुतला तर वाया. महिनाभरात फरक पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

गुंता सोडवणं, इथं घाई केली की सगळं गेलं

केस वाचवायचे असतील तर हीच पायरी. सरळ केसवाल्यांना सांगतात ओले केस विंचरू नका, ते त्यांच्यासाठी बरोबर आहे कारण ओला केस ताणला जातो. आपलं उलटं आहे, कोरडे विंचरले तर वळणावळणावर तुटतात, म्हणून ओल्या केसांत, भरपूर कंडिशनर लावून, केस हातातून मासळीसारखे निसटायला लागले की मगच फणी.

कसं करायचं ते नीट सांगते. शाम्पू धुतल्यावर केसांचे चार भाग करा, दाट असतील तर आठ, प्रत्येक भाग सैलसर पिळून क्लचरनं बांधा. एक भाग सोडा. ओंजळीएवढं कंडिशनर, खरंच ओंजळीएवढं, चिमूटभरानं काही होत नाही, ते आधी शेंड्यांना मग वर मधापर्यंत लावा, टाळूला नाही. पाण्याचा हात मारा. आता फणी बाजूला ठेवा आणि बोटांनी सुरू करा, शेंड्यापासून. मोठ्या गाठी बोटाला लागतात, त्या वरून खाली ओढायच्या नाहीत, गाठीच्या मधोमध बोटं घालून आडव्या दोन्हीकडं सैल करायच्या, जशी लोकरीची गुंतलेली गुंडी सोडवतो तशी. बोटं मोकळी फिरली की मग मोठ्या दातांची फणी, तीही आधी शेवटच्या चार बोटांत, मग मधून, मग वरून. वरच्या बाजूला मुठीत केस घट्ट धरा म्हणजे टाळूला ओढ लागत नाही, मुलं रडतात ती या ओढीनं. एक भाग झाला की सैल वेणी घालून बाजूला, दुसरा घ्या. मला सगळ्याला पाऊण तास लागतो. बहिणीला सांगितलंय पोरीला न्हाणीघरात पाटावर बसव, हातात गोष्टीचं पुस्तक नाहीतर मोबाइल दे आणि मधेमधे थांब. "झालं झालं" म्हणत ओढायचं नाही.

फणीत जे केस येतात ते बघून घाबरू नका. आपण आठवड्यातून एकदाच विंचरतो म्हणजे सात दिवसांचे गळलेले केस एकदम हातात येतात, बटांत अडकून राहिलेले असतात. फक्त एक बघा, केसाच्या एका टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो मुळातून, वेळ झाली म्हणून गळलेला आहे. ठिपका नाही आणि तुकडा आखूड आहे तर तो तुटलेला, म्हणजे हात जड पडतोय.

इथं जटेबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. आपल्या पट्ट्यात दाट कुरळे केस असलेल्या मुलीला ताप आला, बाळंतपण झालं, महिनाभर विंचरलं नाही, वर तेल आणि धूळ, की केस एकमेकांत विणले जाऊन जट होते. आणि मग कोणीतरी म्हणतं देवी आली, यल्लमाची जट आहे, कापली तर घरावर संकट. याच श्रद्धेपायी किती मुली देवाला सोडल्या गेल्या. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये उभ्या केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी जाऊन बायकांना समजावून जटा काढून देतात. जट म्हणजे गुंता, बाकी काही नाही. ताजी असेल तर खोबरेल तेल आणि कंडिशनर मुरवून, बोटांनी आणि जाड सुईसारख्या कशानंतरी बाहेरून आत थोडी थोडी सुटते, दोन-तीन बसण्या लागतात. जुनी, घट्ट, वास मारणारी असेल तर कापायची, वजनानं मान दुखते, आत उवा होतात, टाळूला जखमा होतात. कापल्यावर डोकं हलकं होतं एवढंच होतं. तुमच्या ओळखीत कोणाला असेल तर तिच्यावर ओरडू नका, शेजारी बसून हे सांगा.

बटा बसवणं आणि वाळवणं

कंडिशनर धुताना सगळं खळखळून काढू नका, थोडा गुळगुळीतपणा राहू द्या. केस टपटप ओले असतानाच पुढचं लावायचं, टॉवेलनं पुसल्यावर नाही. पाणी आत आहे तोवर त्यावर क्रीमचा किंवा जेलचा थर द्यायचा म्हणजे पाणी आत राहतं, सगळी युक्ती एवढीच आहे. आधी लीव्ह-इन कंडिशनर (म्हणजे न धुता केसांतच ठेवायचं) किंवा क्रीम, मग फार कोरडे असतील तर दोन थेंब तेल तळहातावर चोळून, मग जेल. दोन्ही तळव्यांमधे भाग धरून वरून खाली सरकवायचं, मग खालून मुठीत घेऊन वर दाबायचं. कचकच आवाज आला पाहिजे, नाही आला तर पाणी कमी आहे, ओंजळभर शिंपडा.

जेल मी घरी करते, जवसाचं. गणपती पेठेत किराणा दुकानात सुटे जवस मिळतात, पाव कप जवस, दोन कप पाणी, मध्यम आचेवर सतत ढवळत सात ते दहा मिनिटं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार यायला लागली आणि वर पांढरट फेस आला की लगेच बंद, अजून दोन मिनिटं ठेवलं तर इतकं घट्ट होतं की गाळताच येत नाही. गरम असतानाच गाळायचं, जुन्या पातळ ओढणीत नाहीतर स्वच्छ धुतलेल्या नायलॉनच्या मोज्यात, चिमट्यानं धरून पिळायचं, हात भाजून घेऊ नका. गार झालं की बरणीत घालून फ्रिजमधे, आठवडाभर टिकतं, आंबट वास आला की फेकून द्या, त्याचा मोह नको. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमधे गोठवा. कोरफड घालायची असेल तर पान कापून उभं ठेवा, तो पिवळा चीक निथळू द्या, त्या चिकानं टाळूला खाज सुटते, मग आतला गर घ्या.

आता टॉवेल. टर्कीशच्या टॉवेलचे फासे बटांत अडकतात, त्यापेक्षा जुना मऊ पंचा किंवा सुती टीशर्ट, त्यानं फक्त दाबून पाणी टिपायचं, घासायचं नाही. नंतर केसांना हात लावायचा नाही पूर्ण वाळेपर्यंत, हे सगळ्यात अवघड. थंडीत डिफ्यूझर, म्हणजे ड्रायरच्या तोंडाला लावायचा भोकांचा पसरट वाडगा, असेल तर कमी उष्णतेवर वापरा. वाळल्यावर बटा कडक, पापडीसारख्या लागतील, तो जेलचा थर आहे, तळहाताला एक थेंब तेल लावून मुठीत चुरला की मऊ होतात.

हवामानाचं एक लक्षात ठेवा, सांगलीत एप्रिल-मे मधे हवा एकदम कोरडी, आणि पावसाळ्यात महाबळेश्वर, पाचगणी, कोयनेकडं गेलात की हवेतच पाणी. ग्लिसरीन असलेली प्रॉडक्टं दोन्हीकडं त्रास देऊ शकतात, कोरड्या हवेत ते केसातलं पाणी बाहेर ओढतं आणि दमट हवेत बाहेरचं आत ओढून केस फुगतात. उन्हाळ्यात क्रीम जास्त, पावसात जेल जास्त, असं मी करते.

रात्र

सुती उशी केसातलं तेल शोषते आणि घासून घासून शेंडे फाडते. नवीन काही विकत आणायची गरज नाही, आईची जुनी सिल्कची साडी असते ना, जरीला फाटलेली, तिच्या मधल्या भागाचे उशीचे अभ्रे शिवा, नाहीतर सॅटीनचं अस्तर मीटरवर मिळतं ते. थंडीत घोंगडी डोक्यावरून घेणाऱ्यांनी तर आधी डोक्याला सॅटीनचा रुमाल बांधाच, लोकर केसाला कानशीसारखी लागते. झोपताना केस डोक्याच्या वर गोळा करून सैल बांधा, किंवा चार-सहा सैल पिळ घाला. सकाळी पाण्याचा फवारा, हात फिरवला की झालं, रोज धुवायचं नाही.

घट्ट बांधणं, स्मूदनिंग आणि जावळ

वेणी घालताना कपाळाचे कोपरे ताणले जात असतील, बारीक पुळ्या येत असतील, डोकं दुखत असेल तर सोडा. वर्षानुवर्षं ओढ बसली की कानाच्या वर आणि कपाळाच्या कडेचे केस कायमचे जातात, सुरवातीला लक्षात आलं तर परत येतात, छिद्र मेलं की येत नाहीत. शाळेत दोन वेण्याच हव्या असतील तर घाला, पण सैल, रबराऐवजी कापडी रिबीन, आणि गरज पडली तर बाईंना जाऊन एकदा नीट सांगा, बहुतेक बाई समजून घेतात.

स्मूदनिंग, स्ट्रेटनिंग मी दोनदा केलं. केसातले बंध रसायनानं तोडून सरळ करून परत जोडतात, पण मुळातून येणारा केस कुरळाच येतो, मग सरळ आणि कुरळ्याचा जिथं जोड असतो तिथं पटापट तुटतं. माझी पाच वर्षांची लांबी अशीच गेली. केराटीन ट्रीटमेंटमधे बऱ्याचदा फॉर्माल्डिहाइड नावाचा घातक वायू सुटतो, आणि ग्लायऑक्झिलिक ॲसिड असलेल्या प्रॉडक्टनंतर किडनीला इजा झालेल्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. लग्नासाठी करायचंच असेल तर घटक विचारा, पार्लरमधे सांगता येत नसेल तर उठून या. गरोदरपणात तर नकोच.

आणि जावळ. टक्कल केलं, दोन-तीनदा वस्तरा फिरवला की केस सरळ आणि दाट येतात असं घरोघरी सांगतात. केसाचा आकार टाळूच्या आतल्या छिद्रानं ठरतो, वस्तरा वरच फिरतो, त्याचा आत काही संबंध नाही. जावळ रीत म्हणून काढा, केस सरळ होतील म्हणून नको. बाळाचे केस मोठेपणी बदलतात ते वयानं.

पोटातून

केस गळायचं प्रमाण अचानक वाढलं तर तेल बदलू नका, मागचे तीन महिने आठवा. मोठा ताप, टायफॉइड, डेंग्यू, ऑपरेशन, बाळंतपण, एकदम वजन कमी केलेलं, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस ओंजळीनं गळतात आणि बहुतेकांचे सहा महिन्यांत आपोआप थांबतात. थांबले नाहीत तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासा, आपल्याकडं बायकांत रक्त कमी असणं इतकं कॉमन आहे की मी आधी तेच बघायला सांगते. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, अंडी, शेंगदाणे, पालेभाजीवर लिंबू, हे नियमित असू दे. गोल चट्टा पडून केस गेले तर ती चाई, कांदा-लसूण घासत बसू नका, डॉक्टरकडं जा.

कापणं आणि माप

तीन-चार महिन्यांनी अर्धा-एक सेंटिमीटर शेंडे काढा, फाटलेला शेंडा वर वर फाटत जातो. कापताना केस वाळलेले आणि नेहमी असतात तसे, बट बट सुटी धरून, कारण ओले कापले तर वाळल्यावर आखडून दोन बोटं वर जातात आणि पार्लरवाल्या ताईंना ते माहिती नसतं, खुर्चीत बसायच्या आधीच सांगा.

माप घ्यायची सवय लावा, आरशात बघून काही कळत नाही कारण घट्ट केस वाळल्यावर निम्म्यापेक्षा जास्त आखडतात. कानामागची एक बट ठरवा, ओली करून ताणा, शिवणाच्या टेपनं मोजून तारखेसकट कॅलेंडरवर मागं लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तीच बट. तीन सेंटिमीटरच्या आसपास वाढ दिसली तर जे करताय ते चालू ठेवा. जेमतेम एखादा सेंटिमीटर दिसला आणि मधे शेंडे काढलेले नसले तर मुळाशी वाढ आहे पण खाली तुटतंय, परत गुंता सोडवायच्या पायरीवर या, फणी आठ दिवस लपवून ठेवा आणि फक्त बोटांनी करा. बहिणीच्या पोरीची बट गेल्या रविवारी मोजली, ताणून सव्वीस सेंटिमीटर भरली, पुढचं माप मी साताऱ्याला गेले की घेणार.